‘वय अधिक शंभर’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: बीपीचे ‘रिस्क फॅक्टर’ ही नुसती कॉम्प्युटरची आकडेमोड आहे, मिठाचा बीपीशी संबंध नाही, वय अधिक शंभर एवढं बीपी नॉर्मलच असतं, आणि धोका मोजणारी ही गणिती मॉडेलं अमेरिकेतल्या लोकांवर बेतलेली आहेत. म्हणून शेंगा चटणी बिनधास्त खा आणि गोळ्या बंद करा. मी संख्याशास्त्र शिकवतो. हे वाचून कुणाच्या तरी वडिलांची गोळी खरंच बंद होईल, ही भीती वाटते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘आमचे आजोबा खारट खाऊन नव्वदी गाठून गेले, मग रिस्क कसली?’ रिस्क फॅक्टर कुणा एकाचं भविष्य सांगत नाही. जास्त मीठ खाणाऱ्या हजार माणसांत बीपीवाले जास्त निघतात, एवढंच तो सांगतो. जे आजोबा पन्नाशीतच अर्धांगवायूने गेले, त्यांचा दाखला ग्रुपवर कुणी देत नाही. शिवाय नव्वदी गाठलेले आजोबा दिवसभर अंगमेहनत करत होते का, त्यांचं वजन किती होतं, हे मेसेजमध्ये कुठे आहे? वय, वजन, मीठ, तंबाखू, दारू आणि घराण्यातला बीपी एकत्र मांडून, बाकी सगळं सारखं धरल्यावर एकेकाचा वाटा किती, हे काढणं हेच मॉडेलचं काम आहे.

‘सर्व्हेत बीपीवालेच कमी मीठ खाताना दिसले, म्हणजे मीठ निर्दोष.’ मेसेजमधला हा सर्वांत फसवा मुद्दा. एकाच दिवशी लोकांना मीठही विचारलं आणि बीपीही मोजलं, तर असं दिसू शकतं. कारण बीपी निघाल्यावर डॉक्टर सांगतात, ‘लोणचं-पापड बंद करा, वरून मीठ घेऊ नका’. पेशंट ते ऐकतो किंवा निदान तसं सांगतो. म्हणजे इथे आधी बीपी आहे आणि मीठ नंतर कमी झालं आहे. यावर दोन उपाय आहेत. एक, ज्यांचं बीपी आज नॉर्मल आहे अशांचीच नोंद घेऊन वर्षानुवर्षं त्यांच्या मागावर राहायचं. दुसरा आणि जास्त पक्का, मीठच बदलून बघायचं. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या डॅश-सोडियम प्रयोगात ४१२ जणांना मिठाच्या तीन पातळ्यांचं जेवण प्रत्येकी तीस दिवस दिलं. मीठ पायरीपायरीने कमी झालं तसं बीपीही उतरलं. चीनमध्ये ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ साली आले. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ आणि निम्म्यांना एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड (सोडियम नसलेला, मिठासारखा क्षार) घातलेलं मीठ, ही वाटणी चिठ्ठ्या टाकावी तशी केली होती. बदललेल्या मिठाच्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. याला आकडेमोड म्हणून कसं झटकणार? (किडनीचा त्रास असेल तर असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.)

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आत मीठ सांगते. त्यात भाजी, भाकरी, चटणी सगळं आलं. चटणी सोडा असं कुणी म्हणत नाही, पण हिशेब तिच्यासकट करा.

‘वय अधिक शंभर नॉर्मल.’ हा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. वयाबरोबर अनेकांचं बीपी वाढतं हे खरं, पण अनेकांचं होतं म्हणून ते निरोगी ठरत नाही. १९८८ च्या इंटरसॉल्ट अभ्यासात ब्राझीलच्या यानोमामींसारखे अगदी कमी मीठ खाणारे समाज होते. त्यांच्यात वयाबरोबर बीपी जवळजवळ वाढतच नाही. २००२ साली ६१ अभ्यासांतल्या सुमारे दहा लाख लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. चाळीस ते सत्तर वयात वरचं बीपी २० ने जास्त असेल, तर पक्षाघाताने मरण्याचा धोका दुपटीहून जास्त, असं त्यात निघालं. मेसेजच्या हिशेबाने साठीच्या माणसाला १६० ‘नॉर्मल’ आहे. १२० वाल्याच्या तुलनेत त्याचा धोका चौपटीच्या घरात जातो. त्रास होत नाही म्हणून बीपी नाही, हेही चूक. बीपी बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही, ते मोजूनच कळतं.

‘मॉडेलं अमेरिकेची.’ इथे मेसेज अर्धा खरा आहे. फ्रॅमिंगहॅमचा अभ्यास १९४८ साली अमेरिकेतल्या एका गावात ५,२०९ माणसांवर सुरू झाला, आणि त्यावरून काढलेला धोका दुसरीकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगाच्या २१ विभागांसाठी धोक्याचे वेगळे तक्ते दिले. पण यावरून मॉडेल फेकून द्यायचं नसतं, आपल्या माणसांची माहिती त्यात घालायची असते. आपल्याकडच्या यंत्रमाग कामगाराचंच घ्या. मागाचा खडखडाट, रात्रपाळी, उष्मा, तंबाखू आणि वाढतं वय हे सगळं एकाच अंगावर येतं. त्याचं बीपी कशाने वाढलं, हे नुसतं बघून सांगता येणार नाही. दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बायकांचंही तेच. मॉडेल हे गुंते सोडवतं, पण जे मोजलं असेल तेवढ्यापुरतंच. आवाज मोजलाच नाही, तर त्याचा दोष तंबाखूच्या किंवा वयाच्या नावावर चढतो. म्हणून कारखान्यात आरोग्य शिबिर भरलं की बीपीच्या आकड्याशेजारी कामाची पाळी (दिवसाची की रात्रीची), मागावर काढलेली वर्षं, तंबाखू आणि चालू असलेल्या गोळ्या, एवढं तरी प्रत्येकाच्या नावापुढे लिहून घ्यायला हवं.