जळकं ऑईल

काल रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या पार्किंगचा फोटो आला. मधोमध ताटाएवढा काळा डाग, खाली मजकूर : ‘हे शोभतं का?’ पाठवणारे पहिल्या मजल्यावरचे काका. आणि त्या डागात निम्मा वाटा त्यांचाच!

सर्व्हिसिंगच्या बिलात ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणून चारशे रुपये लावले होते. कसले, ते काउंटरवर कुणालाच सांगता येईना. म्हटलं, ऑईल घरीच बदलू. साडेतीन लिटरचा कॅन आणला, फिल्टर आणला आणि डिपस्टिकच्या, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीच्या, नळीतून ऑईल ओढणारा हातपंपही मागवला. गाडीखाली झोपायला नको, एवढंच. माझं पोट मावेल इतकी जागा तिथे नाही.

“पंप?” काका आलेच. “विहीर उपसली म्हणजे गाळ निघतो का हो?”

काका बँकेतून रिटायर झालेले. पण त्यांचे साडू दापोडीच्या एसटी वर्कशॉपात होते.

इंजिन कोमट करून पंप मारला. सव्वादोन लिटर आलं आणि मग रस संपलेल्या ग्लासातल्या स्ट्रॉसारखी नुसती खुरखुर. मॅन्युअलप्रमाणे तीनच्या वर निघायला हवं. काकांचा चेहरा उजळला. त्यात माझ्या गाडीचा फिल्टर खालूनच निघतो, हा शोध मला तेव्हा लागला. पंपाचे अकराशे पाण्यात.

पुढची चाकं रॅम्पवर चढवली, मागच्यांना विटा लावल्या.

“मिसेसचा नंबर देऊन ठेवा,” काका म्हणाले. “असावा आपला.”

खाली सरकलो. ऑईल सोडायचा बोल्ट हलेना.

“उजवीकडे फिरवा!”

“कुणाच्या उजवीकडे? तुम्ही वरून बघताय!”

“माझ्या हो! साडू नेहमी म्हणायचे...”

साडू काय म्हणायचे ते कळायच्या आत बोल्ट सुटला आणि काळी धार थेट मनगटावर. घमेल्यासाठी हात फिरवला, तर घमेलं जागेवर नाही. काकांनी ते पायाने बाजूला सरकवलं होतं. मला उजेड मिळावा म्हणून!

डाग घासायला दोन किलो लाकडाचा भुसा आणि अर्धा रविवार गेला. मनगट अजून चुरचुरतंय. सेक्रेटरींनी पाचशे दंड ठोकला तो वेगळा, म्हणजे ते चारशेच स्वस्त होते म्हणायचे.

आज सकाळी बेल वाजली. दारात काका, हातात गोडेतेलाचा रिकामा डबा.

“जळकं ऑईल टाकलं नाहीत ना? आमच्या चौकटीला वाळवी लागलीय.”

फोटोचं नावसुद्धा नाही. मी डबा भरून दिला. नेताना जिन्यात सांडू नका, एवढंच म्हणालो.

“आम्ही नाही सांडत,” काका म्हणाले.