‘रात्री गाडीतून बिबटे सोडतात’: त्या मेसेजला गोदाकाठावरून उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सात ग्रुपांवर आला. भावकीचा ग्रुप, द्राक्षवाल्यांचा, दूध सोसायटीचा, दहावीच्या बॅचचा, शेवटी तर वधू-वर मेळाव्याचाही. मजकूर थोडक्यात असा: वनखातं रात्री बंद गाडीतून बिबटे आणून आपल्या शिवारात सोडतं. हे जंगलातलं जनावर आहे, पकडा आणि जंगलात टाका. माणसाच्या रक्ताची चटक लागलेला बिबट्या दुसरं काही खात नाही. सरसकट मारल्याशिवाय सुटका नाही. आणि सरकारला माणसापेक्षा जनावर प्यारं. खाली हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी निफाड तालुक्यात मळ्यात राहतो. थोडी द्राक्षबाग, थोडा ऊस, तीन गायी. बिबट्या टीव्हीवर कमी आणि बांधावर जास्त पाहिलेला. त्यामुळे मेसेज लिहिणाऱ्याच्या भीतीला मी हसणार नाही. २०२० साली दारणाकाठच्या गावांत लहान मुलं आणि म्हातारी माणसं गेली, तेव्हा आमच्याही वस्तीवर रात्रभर दिवे जळत होते. पण भीती खरी म्हणून तिचं सांगितलेलं कारण खरं ठरत नाही. आणि कारण चुकलं की इलाज चुकतो.

आधी ती गाडी.

आमचे एक चुलते छातीठोक सांगतात, ‘मी या डोळ्यांनी गाडी पाहिली.’ पाहिली असेलच, आप्पा. पिंजऱ्यात अडकलेलं जनावर दिवसाढवळ्या न्यायला गेलं की पाच मिनिटांत हजार माणसं जमतात, मोबाइल वर करून पिंजऱ्याला हात लावायला बघतात. म्हणून ते काम शक्यतो अंधारात उरकतात. गाडी रिकामा पिंजरा घेऊन येते आणि भरलेला घेऊन जाते. आपण पाहतो ती फक्त गाडी, आणि उरलेली गोष्ट आपण पारावर रचतो.

मग इतके बिबटे आले कुठून? आलेच नाहीत, इथेच जन्मले. आडसाली उसाचा हिशेब कोणाही शेतकऱ्याला पाठ आहे: लावणीपासून तोडीपर्यंत पंधरा ते अठरा महिने. आत गारवा, पाटाचं पाणी, आणि मधे माणूस फिरकत नाही. बिबटी साधारण साडेतीन महिन्यांत विते, एका वेताला दोन-तीन पिल्लं, आणि पिल्लू वर्ष-दीड वर्षात आईपासून सुटं होतं. म्हणजे एका उसात एक पिढी उभी राहते. दर हंगामात तोडीच्या टोळीपुढे पिल्लं निघतात ती याच हिशेबाने. त्या वेळी काम थांबवायचं, पिल्लांना उगीच हाताळायचं नाही, वनखात्याला कळवायचं. ते लोक पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि बहुतेक वेळा अंधार पडल्यावर आई येऊन एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. हाताळलेली, घरी नेलेली, फोटोसाठी मांडीवर घेतलेली पिल्लं मात्र आईला परत भेटतीलच असं नाही. आणि पिल्लं गमावलेली बिबटी पुढचे काही दिवस त्याच बांधावर फिरत राहिली, तर त्रास कोणाला? आपल्यालाच.

आपल्या शेजारी, सिन्नर-इगतपुरी ओलांडली की अकोले तालुका. तिथल्या शेतीच्या पट्ट्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजणी केली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. जंगल नाही, हरणं नाहीत, चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं, आणि तरी शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे. वर तितकीच तरसं. (मेसेजमध्ये तरसाचाही फोटो ‘बिबट्याची मादी’ म्हणून फिरतोय. तरस बिचारं हाडं आणि मेलेली जनावरं शोधत फिरतं.) विशेष म्हणजे तिथे बिबट्याने माणूस मारल्याची नोंद नव्हती. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडचे आदिवासी बांधव वाघबारसेला वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. तिकडे हे जनावर शेजारी आहे ही गोष्ट कोणाला मेसेजमधून कळावी लागली नाही. आम्ही बागायतवाले त्या बाबतीत नवे.

अफवेला बूड नाही असं मात्र मी म्हणणार नाही. बूड आहे, आणि तेच मेसेजच्या दुसऱ्या मुद्द्याला कापतं.

‘पकडून जंगलात सोडा.’ हा प्रयोग होऊन गेला आहे. जुन्नर वनविभागात २००१ नंतर शेतातले बिबटे धडाक्याने धरले आणि लांबच्या जंगलांत नेऊन सोडले. म्हणजे एके काळी बिबटे खरोखर गाडीतून सोडले जात होते, आणि तेही ‘जंगलात सोडा’ या आपल्याच मागणीवरून! निकाल काय? १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. २००१ ते २००३ मध्ये ते सतरावर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण अठरा टक्क्यांवरून छत्तीसवर. हा अभ्यास २०११ साली छापून आला. कारण कळायला फार डोकं लागत नाही. चार दिवस पिंजऱ्यात गजांवर डोकं आपटलेलं, माणसांनी डिवचलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं. तिथे आधीच दुसऱ्याची हद्द. पाणी कुठे, कुत्री कुठे, लपायला जागा कुठे, काहीच ठाऊक नाही. सोडलं त्या गावाच्या माथी संकट, आणि पकडलं त्या गावची मोकळी जागा भरायला शेजारचा तरणा नर हजर.

शिवाय ते सोडलेल्या जागी थांबत नाही. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क नर २००९ साली बाहेर काढला, गळ्यात जीपीएस पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडला. त्याचं नाव ठेवलं आजोबा. हा आजोबा महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. वाटेत महामार्ग, खाडी आणि आपल्या कसाऱ्याचे रूळसुद्धा ओलांडले. कसाऱ्याहून गाडी पकडणाऱ्या नाशिककरांपैकी कोणाला पत्ता लागला? एवढ्या प्रवासात त्याने माणसाला ओरखडा काढल्याची नोंद नाही. पुढे २०११ साली महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला.

चटकेचा मुद्दा थोडा गुंतागुंतीचा आहे. काही बिबटे माणसावर पुन्हा पुन्हा हल्ला करतात, हे खरं. असं जनावर हेरून धरलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण बांधावर दिसला तो प्रत्येक बिबट्या नरभक्षक, हे धादांत खोटं. त्याच अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासून पाहिली तेव्हा खाण्यातला ३९ टक्के भाग कुत्र्यांचा निघाला, मांजरांचा १५, शेळ्यांचा ११. तालुक्यात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट, तरी कुत्री जास्त खाल्ली. का? शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रं मोकळं.

इथे मला आपल्याच लोकांवर घसरावं लागेल. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या गोणीत भरून ओढ्यात फेकतो कोण? त्या गोणीवर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. खड्डा घेऊन चुना टाकून पुरायला अर्धा तास लागतो. ते न करता आपण ग्रामपंचायतीत पिंजऱ्याचा अर्ज देतो, आणि पिंजऱ्यात सावज म्हणून परत शेळी किंवा कोंबड्याच बांधतो. जो येईल तो अडकतो. हल्ला केलेलाच अडकेल याची हमी पिंजरा देत नाही. अडकली ती पिल्लांची आई असली, तर भुकेली पिल्लं आपल्याच उसात उरतात.

‘सरसकट मारा.’ कायद्याचं आधी सांगतो. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. पण माणसाच्या जिवाला धोका ठरलेलं जनावर पकडता, बेशुद्ध करता किंवा हलवता येत नसेल, तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक ते मारण्याचा हुकूम देऊ शकतात. तेव्हा ‘कायद्याने हात बांधलेत’ हे अर्धवट आहे. राहिलं सरसकट मारण्याचं. अमेरिकेत कायोटी नावाचा आपल्या कोल्ह्याचा थोराड भाऊबंद आहे. मेंढपाळांसाठी त्याला शंभरहून अधिक वर्षं गोळ्या घातल्या, विष घातलं, सापळे लावले, अजूनही दरवर्षी हजारोंनी मारतात. मुळात माळरानातलं हे जनावर आज हवाई सोडून तिथल्या प्रत्येक राज्यात आहे, शहरांतसुद्धा. बिबट्या कायोटी नव्हे, हे मलाही कळतं. पण कुत्री, कोंबड्या आणि लपण जिथल्या तिथे ठेवून नुसतं जनावर उचललं तर मोकळी जागा मोकळी राहत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

पाचवा मुद्दा, सरकारला जनावर प्यारं. इथे मेसेज निम्मा बरोबर आहे. माणूस गेला तर वारसांना २५ लाख मिळतात. माणसाची किंमत होत नाही, ते सोडून देऊ. गाय मेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातली कमी असेल ती रक्कम. शेळीला हीच मर्यादा १५ हजार. आता चांगल्या दुभत्या संकरित गायीचा भाव लाखापुढे आहे, तेव्हा हा तोट्याचाच सौदा. पण पुष्कळांची भरपाई दुसऱ्याच कारणाने बुडते: मेलेलं जनावर उचलून टाकतात आणि चार दिवसांनी कळवतात. ४८ तासांच्या आत कळवा, पंचनामा होईपर्यंत जागेवरून हलवू नका, फोटो काढून ठेवा. वनखात्याचा नंबर १९२६. माझ्या शेजाऱ्याची कालवड अशीच गेली. त्याने ती ओढून नाल्यात टाकली आणि मग वर्षभर कचेरीला शिव्या घातल्या.

घरापुरतं सांगायचं तर गोठ्याला चारी बाजूंनी जाळी आणि वरून पत्रा, कारण बिबट्या भिंतीवरून सहज उतरतो. दिवेलागणीनंतर पोरं ओट्यावर एकटी नकोत. घराला खेटून ऊस लावायचा नाही, मधे दहा-वीस फूट मोकळं रान ठेवायचं. अंधारात वाकून गवत कापायला किंवा उघड्यावर बसायला जायचं नाही. वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. जायचंच तर मोबाइलवर मोठ्याने गाणी लावायची. माझी आई भजनं लावते, आणि म्हणते, बिबट्या पळाला तर पळाला, नाहीतर कान तरी पावन.

पण यातलं काहीही करून एक गोष्ट सुटत नाही, आणि मेसेजमध्ये तिचा अक्षरानेही उल्लेख नाही. शेतीच्या मोटारींना लागणाऱ्या थ्री फेज विजेची रात्रीची पाळी. दिवसा वीज मिळाली तर रात्री उसात बारं द्यायला, म्हणजे पाणी भरायला, जाणारा माणूस घरी झोपेल. दिवसा विजेसाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून कागदावर आहे, काही फीडरना, म्हणजे गावोगावच्या वीजवाहिन्यांना, तिचा लाभ झालाही. त्या सात ग्रुपांवर ‘बिबटे मारा’ म्हणणाऱ्यांनी एक दिवस ‘दिवसा वीज द्या’ म्हणून सह्या गोळा केल्या असत्या तर मी स्वतः कागद घेऊन दारोदार फिरलो असतो.

या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची पाळी आहे. धाकटा भाऊ सोबत येतो म्हणाला. बॅटरी चार्जिंगला लावली आहे, काठी दाराशी ठेवली आहे.