घोरण्याने फुप्फुसातली गाठ वाढते?

"घोरता? मग फुप्फुसाचा कर्करोग झपाट्याने पसरणार. सिद्ध झालंय. मृत्यूचा धोका पाचपट. आजच मशीन लावा." हा फिरता मेसेज माझ्या एका नातेवाइकांनी केमो चालू असताना मला दाखवला आणि हळूच विचारलं, "म्हणजे हे मीच ओढवून घेतलं का गं?" त्या प्रश्नामुळे हे लिहितेय.

आधी घोरण्याबद्दल. घोरणाऱ्या प्रत्येकाला स्लीप अ‍ॅप्निया नसतो. अ‍ॅप्नियात घोरता घोरता आवाज एकदम बंद पडतो. छाती धडपडत असते, पण हवा आत जात नाही. किमान 10 सेकंद असं चालतं, मग हिसका बसून मोठा श्वास येतो. श्वास असा अडण्याचं किंवा मंदावण्याचं प्रमाण तासाला 30 किंवा त्याहून जास्त झालं, की आजार तीव्र समजतात. मेसेजमधलं मशीन म्हणजे यावरचं सीपॅप, झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं.

"सिद्ध झालंय" हे उंदरांपुरतं बऱ्याच अंशी खरं आहे. अ‍ॅप्नियात होतो तसा पिंजऱ्यातला ऑक्सिजन मिनिटामिनिटाला कमी-जास्त केल्यावर उंदरांमधली मेलानोमाची (त्वचेच्या एका कर्करोगाची) गाठ जोरात वाढली. झोप सतत मोडली तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगपेशींच्या गाठीही वाढल्या. कारणही समजण्यासारखं आहे. ऑक्सिजन कमी पडला की पेशीत एचआयएफ हे प्रथिन टिकून राहतं आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतं. पेशी ऑक्सिजन कसा ओळखते, या शोधाला 2019 चं नोबेल मिळालं. म्हणून हा धागा मी झटकून टाकणार नाही. पण उंदरांना कर्करोगाच्या पेशी टोचलेल्या होत्या आणि प्रयोग काही आठवड्यांचे होते. माणसाच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं वाढणाऱ्या गाठीला तोच निकाल परस्पर लावता येत नाही.

"पाचपट" हा आकडा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या 2012 च्या अभ्यासातला दिसतो. 1,522 माणसं, 22 वर्षं. तीव्र अ‍ॅप्निया असलेल्यांमध्ये कर्करोगाने मृत्यूचा धोका अ‍ॅप्निया नसलेल्यांच्या 4.8 पट निघाला. मात्र तो सगळ्या कर्करोगांचा मिळून होता, आणि असे मृत्यू इतके थोडे होते की खरा धोका 1.7 पासून 13.2 पटीपर्यंत कुठेही असू शकतो. 2014 मध्ये कॅनडात 10 हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला. वय, वजन, धूम्रपान हिशेबात धरल्यावर अ‍ॅप्नियाची तीव्रता आणि एकूण कर्करोग यांचा संबंध उरला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचं सर्वात मोठं कारण तंबाखूचा धूर. मेसेजमध्ये त्याचं नावही नाही, याचा मला खरंच राग येतो.

मशीनने गाठ थांबते, असं कुठल्याही चाचणीत दिसलेलं नाही. तरी अ‍ॅप्निया असेल तर मशीन जरूर वापरा. दिवसा डुलकी लागणं, गाडी चालवताना डोळा लागणं, वाढलेला रक्तदाब, यांच्यासाठी.

आणि गाठीची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना अ‍ॅप्नियाबद्दल न विसरता सांगा. भुलीनंतर आणि मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांनी श्वास जास्त अडतो. घरचं मशीन सोबत आणायचं का, तेही तेव्हाच विचारा.