ट्रॉफी न मिळालेली सगळ्यात भारी टीम? माझं उत्तर नेब्रास्का १९८३

ऑगस्ट संपत आला की आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॉलेज फुटबॉलचा वाद ठरलेला असतो आणि यंदा तो जरा जास्तच पेटलाय, म्हणून म्हटलं इथेच एकदा सविस्तर लिहावं. प्रश्न एकच, चॅम्पियन न झालेल्यांमध्ये सगळ्यात भारी टीम कोणती? माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, लॉस एंजेलिसला यूएससीत (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) मास्टर्स केलेला, त्यामुळे २००५ची यूएससी सोडून दुसरं नाव तो ऐकूनच घेत नाही. मी लिंकनला नेब्रास्का युनिव्हर्सिटीत शिकले, इथेच नोकरी लागली, इथलीच झाले, आणि माझं उत्तर १९८३ची नेब्रास्का. दादा म्हणतो तू गाववाली म्हणून बोलतेस. आहेच मी गाववाली, पण माझ्याकडे कारणं पण आहेत, ती आधी वाचा आणि मग काय ते बोला.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडं सांगते. हे हेल्मेटवालं अमेरिकन फुटबॉल, आणि खेळणारी पोरं कॉलेजची. पण कॉलेजची मॅच म्हणून चार टाळकी जमत असतील असं समजू नका, लिंकनचं मेमोरियल स्टेडियम १९६२पासून प्रत्येक मॅचला फुल्ल आहे आणि मॅचच्या दिवशी त्या स्टेडियममधली गर्दी हे नेब्रास्का राज्यातलं तिसरं मोठं शहर असतं, ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल. आता गंमत अशी की एवढ्या मोठ्या खेळात कित्येक दशकं फायनलच नव्हती. सीझन संपला की नाताळ आणि नवीन वर्षाच्या आसपास बोल नावाच्या मॅचेस व्हायच्या, रोझ बोल, ऑरेंज बोल, शुगर बोल वगैरे, आणि मग पत्रकार आणि कोच मतं देऊन पहिला नंबर ठरवायचे. म्हणजे रणजीला फायनल ठेवायचीच नाही आणि मुंबई भारी की कर्नाटक हे पेपरवाल्यांनी ठरवायचं, तसं. पहिल्या आणि दुसऱ्या नंबरला समोरासमोर आणायची पक्की सोय १९९८मध्ये झाली, चार टीमचा प्लेऑफ २०१४च्या सीझनपासून, आणि बारा टीमचा तर आत्ता २०२४ला.

त्यामुळे हा वाद घालताना लोक दोन गोष्टींची कायम गल्लत करतात. एक, शेवटची मॅच खेळून हरलेल्या टीम. दोन, ज्यांना कोणी हरवलंच नाही पण मतं देणाऱ्यांनी बाजूला ठेवलं अशा टीम. दुसऱ्यांवर अन्याय झाला हे शंभर टक्के खरं, पण अन्याय झाला म्हणून ती टीम सगळ्यात भारी होती असं आपोआप होत नाही.

तर पहिल्यांदा दादाची यूएससी. खोटं कशाला बोलू, टीम जबरदस्तच होती. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून सगळा हल्ला चालवणारा, मॅट लायनार्ट, २००४चा हाइझमन विजेता, त्याच्या मागे रेजी बुश, २००५चा हाइझमन विजेता, म्हणजे देशातला सगळ्यात भारी खेळाडू म्हणून ज्याला ट्रॉफी देतात असे दोघं एकाच टीममध्ये. सलग ३४ मॅच जिंकलेल्या. फायनलच्या आधी टीव्हीवर चर्चा काय तर ही इतिहासातली सर्वोत्तम टीम आहे का, टेक्सास समोर आहे हे जणू लोक विसरलेच होते. ४ जानेवारी २००६, रोझ बोल. साडेसहा मिनिटं राहिलेली असताना यूएससी ३८-२६ने पुढे. मग टेक्सासचा टचडाउन, म्हणजे बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की मिळणारे सहा पॉइंट आणि वर किकचा एक, ३८-३३. आणि मग तो डाव ज्यावर दादा अजून चिडतो, दोनच मिनिटं उरलेली, फोर्थ डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी शेवटचा, दोन यार्ड हवेत, ते मिळाले की मॅच संपली. बॉल दिला लेंडेल व्हाइटला, तो दिवसभर सुसाट पळत होता, पण इथे जेमतेम यार्डभर कमी पडला. आणि रेजी बुश कुठे होता? बाहेर, साइडलाइनवर. नुसता उभा राहिला असता तरी दोन माणसं त्याच्याकडे ओढली गेली असती. मग विन्स यंगने टीमला मैदानभर नेलं आणि १९ सेकंद उरलेले असताना फोर्थ अँड फाइव्हला (चौथा प्रयत्न, पाच यार्ड हवेत) स्वतःच उजव्या कोपऱ्यात पळत गेला. ४१-३८. त्या रात्री त्याचे पासिंगचे २६७ यार्ड आणि पळून काढलेले २००. दादाचं म्हणणं की पहिल्या हाफमध्ये यंगचा गुडघा टेकला होता (गुडघा टेकला की तो डाव तिथेच संपतो) तरी पुढचा टचडाउन दिला गेला, आणि दादा, ते खरंय, गुडघा टेकला होता. पण तुमच्या डिफेन्सचं काय? त्याच वर्षी फ्रेस्नो स्टेटने तुमच्यावर ४२ पॉइंट केले होते, मॅच ५०-४२ अशी जेमतेम सुटली, आणि नोत्र दामला तर शेवटच्या क्षणी बुशने लायनार्टला मागून ढकलला म्हणून ३४-३१. भोकं आधीपासून दिसत होती, टेक्सासने फक्त त्यात हात घातला.

आता माझी नेब्रास्का. १९८३. सीझनची पहिली मॅच न्यू जर्सीत आदल्या वर्षीच्या चॅम्पियन पेन स्टेटशी, ४४-६. मग मिनेसोटाला त्यांच्याच गावात जाऊन ८४-१३. कोलोरॅडोविरुद्ध एका क्वार्टरमध्ये, फक्त तिसऱ्या क्वार्टरमध्ये, ४८ पॉइंट. बारा मॅचमध्ये ६२४ पॉइंट म्हणजे मॅचमागे ५२. माइक रोझियर २१४८ यार्ड पळाला, दर वेळी बॉल हातात आला की सरासरी पावणेआठच्या वर, हाइझमन त्यालाच. अर्व्हिंग फ्रायर पुढच्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, पहिला गेला, रिसीव्हर (पास झेलणारा) पहिला जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि दुसऱ्या नंबरला गेला डीन स्टाइनकुलर, म्हणजे त्याच टीमचा गार्ड, समोरच्यांना अडवणारा. देशातले पहिले दोन खेळाडू एका टीमचे! आणि टर्नर गिल क्वार्टरबॅक, ज्याचा ऑप्शनवरचा हात बघायला मी अजूनही जुने व्हिडिओ लावून बसते, शेवटच्या क्षणापर्यंत बॉल ठेवतो की सोडतो ते समोरच्याला कळतच नाही. डिफेन्स आमचाही काही लोखंडी नव्हता, ओक्लाहोमाशी २८-२१ला दमछाक झाली होती. पण त्या वर्षी आमच्या ऑफेन्ससमोर कोणाचंच काही चालत नव्हतं.

आणि मग २ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल, समोर मायामी, म्हणजे त्यांच्या घरच्याच मैदानावर. पहिल्या क्वार्टरमध्येच १७-० मागे. मायामीचा क्वार्टरबॅक, नवखा पोरगा बर्नी कोझार बिनधास्त पास टाकत होता. तिथून परत येताना पहिला टचडाउन आला तो डोळ्यावर विश्वास बसू नये असा, गिलने बॉल हातात घेतला आणि मुद्दाम जमिनीवर ठेवला, सगळे एका बाजूला धावले आणि अगडबंब स्टाइनकुलरने तो उचलून दुसऱ्या बाजूने १९ यार्ड पळत नेला. १७-१७ झालं, मग मायामी परत ३१-१७. रोझियर दुखापतीने बाहेर. त्याच्या जागी जेफ स्मिथ आला, त्याने एक टचडाउन केला, ३१-२४. शेवटचा ड्राइव्ह, म्हणजे बॉल घेऊन पुढे जायची शेवटची संधी. फ्रायरच्या हातातून टचडाउनचा पास सुटला. फोर्थ अँड एट. गिल पळाला, अंगावर माणूस येईपर्यंत थांबला, मग बॉल स्मिथकडे टाकला आणि स्मिथ २४ यार्ड तसाच आत. ३१-३०. घड्याळात ४८ सेकंद.

इथे नीट लक्ष द्या कारण माझा सगळा मुद्दा इथे आहे. एक्स्ट्रा पॉइंटची किक मारायची की ३१-३१. तेव्हा ओव्हरटाइम नव्हता, मॅच बरोबरीत सुटणार. नेब्रास्का आधीच एक नंबर, एकही मॅच न हरलेली. दोन नंबरची टेक्सास त्याच दुपारी जॉर्जियाकडून १०-९ने हरून बसलेली. म्हणजे किक मारली की चॅम्पियनशिप जवळजवळ घरात आलीच होती. कोच टॉम ऑस्बॉर्न यांना तोवर एकही टायटल मिळालेलं नव्हतं. आणि त्यांनी किकऐवजी दोन पॉइंटला, म्हणजे बॉल परत एकदा पळून किंवा पास टाकून रेषेपलीकडे न्यायला, जायचं ठरवलं. बरोबरी करून नंबर एक म्हणवून घ्यायचं नाही, जिंकायचं. गिल उजवीकडे सरकला, गोललाइनपाशी स्मिथ होता, बॉल टाकला, आणि मायामीच्या केनी कॅल्हूनने हात घातला, बोटं लागली तेवढ्याने बॉलची दिशा बदलली. हातातोंडाशी आलेला घास गेला. मायामी पाचवरून थेट पहिल्या नंबरला, आपण दुसरे.

म्हणून मी म्हणते की दादा, तुझ्या टीमला टेक्सासने हरवलं. आमच्या टीमला चॅम्पियनशिप ताटात वाढून मिळत होती आणि त्यांनी ती तशी घेतली नाही. माझ्या शेजारचे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, त्यांच्यापुढे हा विषय काढला की ते पहिले ती किक न मारल्याबद्दल अभिमानाने बोलतात आणि मग निकालाबद्दल. या गावात त्या निर्णयासाठी ऑस्बॉर्न यांना नावं ठेवणारा माणूस मला भेटलेला नाही.

याच्या उलट १९६६ बघा. नोत्र दाम एक नंबर, मिशिगन स्टेट दोन नंबर, स्कोअर १०-१०, बॉल नोत्र दामकडे, आणि कोच आरा पारसेघियन यांनी घड्याळ संपवून बरोबरी घेतली. त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी होऊन बाहेर बसला होता हे मान्य, पण शेवटी चॅम्पियन तेच झाले. त्याच वर्षी अलाबामा एकही मॅच न हरता, एकही बरोबरी न करता ११-० झाली आणि तिसरी आली. म्हणजे जिंकायला न गेलेल्याला टायटल मिळालं आणि सतरा वर्षांनी जिंकायला गेलेल्याचं गेलं. मतांच्या पद्धतीवर माझा राग आहे तो यासाठी.

मायामीवाले म्हणतील आमची १९८६ची टीम कुठे. तीही होतीच. फिएस्टा बोलमध्ये ४४५ यार्ड काढून, पेन स्टेटला १६२वर ठेवून १४-१०ने हरली, कारण व्हिनी टेस्टावर्डीने पाच इंटरसेप्शन दिले, आणि स्वतःच्या हाताने पाच वेळा बॉल दिल्यावर माझ्या यादीत ती वर येत नाही. २००२ची मायामी, तीही ३४ मॅचची घोडदौड, ओहायो स्टेटसमोर दुसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत गेली, जिंकलो म्हणून खेळाडू मैदानात धावले आणि मग उशिरा पंचांचा तो फाउलचा पिवळा रुमाल पडला. तिथे मात्र मला मायामीबद्दल खरंच वाईट वाटतं.

आता ज्यांना हरवलंच नाही त्या. ऑबर्न २००४, १३-०, त्यांचे चार खेळाडू पुढच्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले, पण सीझनच्या सुरुवातीला यूएससी आणि ओक्लाहोमा वर होत्या आणि दोघी हरल्या नाहीत म्हणून शेवटपर्यंत वरच राहिल्या. त्या दोघींची फायनल यूएससीने ५५-१९ अशी एकतर्फी जिंकली. पुढे रेजी बुशने कॉलेजात असताना नियमाविरुद्ध पैसे-भेटी घेतल्याच्या प्रकरणात यूएससीचं ते टायटल काढून घेतलं, तरी ऑबर्नला काहीच नाही. पेन स्टेट १९६९, ११-०, तिथे तर राष्ट्राध्यक्ष निक्सन स्वतः टेक्सास-आर्कान्सा मॅचला गेले आणि बोल मॅचेस व्हायच्या आधीच टेक्सासला नंबर एकची पाटी देऊन मोकळे झाले. कोच जो पटर्नो यांनी १९७३ला वॉटरगेट गाजत असताना भर पदवीदान समारंभात त्यावरून निक्सनना चांगलंच सुनावलं होतं.

पण मला सगळ्यात जास्त छळते ती पेन स्टेट १९९४, कारण तिथे फायदा आमचा झाला. केरी कॉलिन्स, की-जाना कार्टर, मॅचमागे ४७च्या वर पॉइंट. ओहायो स्टेटला ६३-१४ने धुतलं आणि त्याच आठवड्यात एकवरून दोनवर घसरले, कारण आम्ही त्या दिवशी कोलोरॅडोला हरवलं होतं. पेन स्टेट ज्या लीगमध्ये खेळायची त्या बिग टेनचा करार रोझ बोलशी, त्यामुळे दोघांची गाठ पडायची सोयच नव्हती. ते ओरेगनला ३८-२० हरवून १२-०, आम्ही मायामीला त्याच ऑरेंज बोलमध्ये २४-१७ हरवून १३-०, आणि पत्रकारांचा आणि कोचचा असे दोन्ही पोल आमचे. ऑस्बॉर्न यांचं पहिलं टायटल हेच. अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते त्याच मैदानावर त्याच टीमसमोर मिळालं याचा आनंद लिंकनमध्ये अजून आहे आणि मलाही आहे, पण निदान एक पोल तरी पेन स्टेटला द्यायला हवा होता असं मी इथे लाल टीशर्ट घालून सांगते. तीन वर्षांनी मिशिगन आणि आमच्यात टायटल वाटून दिलंच की, मग १९९४ला काय अडलं होतं?

तर माझा क्रम असा, नेब्रास्का १९८३, मग पेन स्टेट १९९४, मग यूएससी २००५, मग ऑबर्न २००४. दादा, तिसरा नंबर खूप मोठा आहे, भांडू नकोस.

आणि कोणीतरी फ्लोरिडा स्टेट २०२३ विचारणारच, म्हणून आत्ताच लिहिते. १३-० असून प्लेऑफच्या चारात घेतलं नाही, कारण क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जखमी झाला. म्हणजे त्यानंतर त्यांनी जिंकलेल्या मॅचेस, तिसऱ्या नंबरच्या क्वार्टरबॅकला घेऊन लुईव्हिलला १६-६ हरवलेली कॉन्फरन्सची (म्हणजे त्यांच्या लीगची) फायनल, सगळं शून्य. मग जॉर्जियाने ६३-३ केलं तेव्हा लोक म्हणाले बघा, बरोबरच होतं. पण त्या मॅचला त्यांचे निम्मे महत्त्वाचे खेळाडू उतरलेच नव्हते, खेळण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं त्यांच्यासाठी. माझ्या पहिल्या चारात ती टीम बसत नाही, तेवढी भारी नव्हती. पण ६३-३ हा स्कोअर पुरावा म्हणून कोणी कमेंटमध्ये टाकू नका, त्यावर मी वाद घालणार आणि रात्रभर घालणार.