शुक्रवारपर्यंत म्हणजे 'बाय' की 'टिल'?

परवा भाचीची इंग्रजीची वही हातात आली. सातवीत आहे, मराठी माध्यम. 'आय विल गिव्ह द बुक टिल फ्रायडे' असं वाक्य, टिलभोवती लाल गोल, वर 'बाय' लिहिलेलं आणि बस्स, का ते कुठेच नाही. मी विचारलं का गं चुकलं, तर म्हणाली माहीत नाही मामा, पाठ करा म्हणाल्या बाई.

खरंच वाईट वाटलं, कारण पोरीने विचार करूनच लिहिलं होतं. आपण 'शुक्रवारपर्यंत पुस्तक देते' पण म्हणतो आणि 'शुक्रवारपर्यंत पुस्तक राहू दे माझ्याकडे' पण म्हणतो, दोन्हीकडे पर्यंतच. मराठीत फरक क्रियापदातूनच कळतो म्हणून दुसरा शब्द लागत नाही, इंग्रजीत लागतो. देणं एकदाच होतं, शुक्रवारी नाहीतर त्याच्या आधी कधीतरी, तिथे बाय. राहणं शुक्रवार येईस्तोवर चालूच असतं, तिथे टिल. एवढंच तर आहे!

आणि हे फक्त मार्कांपुरतं नाहीये. आमच्या ऑफिसात एका मुलाने क्लायंटला मेल केला, सहापर्यंत ऑफिसात आहे असं सांगायचं होतं, लिहिलं 'बाय सिक्स'. समोरच्याने अर्थ घेतला की हा सहापर्यंत पोचेल, आणि तो आला साडेसहाला, तेव्हा हा घरी निघून गेलेला. व्याकरण चोख होतं, स्पेलिंग चोख होतं, अर्थच उलटा गेला.

'पासून'चं तेच. 2022 पासून आणि दोन वर्षांपासून, आपल्याला दोन्ही सारखंच, इंग्रजीत मात्र पहिल्याला 'सिन्स' आणि दुसऱ्याला 'फॉर', म्हणून 'सिन्स टू इयर्स' तोंडात येतं. माझ्यावर चिडला म्हणून 'अँग्री ऑन मी', तिच्याशी लग्न झालं म्हणून 'मॅरीड विथ', विषयावर चर्चा म्हणून 'डिस्कस ऑन'. यातली एकही चूक आळशीपणाची नाही हो, प्रत्येकीच्या मागे एक शुद्ध मराठी वाक्य उभं आहे, ते वाक्य फळ्यावर आणलंच नाही तर मुलाला कळणार कसं की कुठे वाट फुटते?

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, त्याआधी पाचवीपासून होतं. वर्षं वाढली, पण इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही हा हट्ट अजून बऱ्याच ठिकाणी आहे आणि मला तो साफ चुकीचा वाटतो. मान्य, काही गोष्टी पाठच कराव्या लागतात, 'मॅरीड टू'च का याचं सोपं कारण मला तरी देता येत नाही, पण मग तसं सांगा ना मुलांना, की हे पाठ कर आणि हे समजून घे.

भाचीला दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून दाखवली, पाच मिनिटं लागली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज, "मामा, पाचपर्यंत खेळ म्हटलं की टिल, पाचपर्यंत घरी ये म्हटलं की बाय, हो ना?"