पोट्ट्यांनी प्रश्न विचारू नये म्हणून काय करावं

घरात दहावीचं पोट्टं असेल तर हे लक्ष देऊन वाचा. शाळा चालवत असाल तर प्रिंट काढून स्टाफरूममध्ये लावा, फक्त प्रिंट 'ओरिजनल' सॉफ्टवेअरमधूनच काढा, नाहीतर वेलांट्या पळून जातात म्हणे.

हे ज्ञान मला परवाच मिळालं. आमच्या पोट्टीनं विज्ञानाच्या प्रोजेक्टसाठी 'जोडणारे दुवे' यावर प्रेझेंटेशन केलं, म्हणजे दोन वेगळ्या प्राणीगटांची लक्षणं एकाच अंगात असलेले जीव, लंगफिश, पेरीपॅटस, ते अंडी घालून पिल्लांना दूध पाजणारं प्लॅटिपस वगैरे, चित्रं स्वतः काढली, मोबाईलनं स्कॅन केली, अख्खा रविवार गेला. घरचा लॅपटॉप जुना, विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मी त्यावर लिनक्स टाकून दिलंय, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट आणि कायदेशीर सिस्टीम, त्यात वर्ड-एक्सेलसारखं काम करणारं लिबरऑफिस येतं, तिनं त्यात केलं. शाळेकडून उत्तर आलं. एक, "ही फाईल चालत नाही, ओरिजनलमध्ये करून पाठवा." दोन, "आणि जमल्यास टॉपिक बदला, उत्क्रांतीवर काही पेरेंट्सचं ऑब्जेक्शन असते, भरडधान्यावर करा, छान होते." भेटायला गेलो तर मला कॉम्प्युटर लॅबमध्ये बसवलं. समोर ओळीनं स्क्रीन, आणि प्रत्येक स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली ते फिक्कट अक्षरातलं 'ॲक्टिव्हेट विंडोज', म्हणजे लायसन न घेता चालवलेलं.

ओरिजनल!

तेव्हापासून मला पटलंय की आपण उगाच पोरांना विचार करायला लावतो. त्यापेक्षा पुढचे उपाय करा, गुण आलाच पाहिजे.

सर्वात आधी पोराच्या मनावर बिंबवा की कॉम्प्युटर म्हणजे विंडोज, लिहिणं म्हणजे वर्ड, हिशोब म्हणजे एक्सेल, आणि हे तिन्ही समुद्रमंथनातून निघाले. दुसरं काही असतं का असं विचारलंच तर "ते इंजिनिअर लोकांचं असतं, तू आधी बोर्डाचं बघ" म्हणा. हे म्हणताना तुमच्या हातात जो अँड्रॉइड फोन असतो तो लिनक्सच्याच कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर चालतो, आणि जगातल्या पहिल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरांच्या यादीतले सगळेच्या सगळे २०१७ पासून लिनक्सवर चालून राह्यले, हे चुकूनही बाहेर पडू देऊ नका. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं ते सुरू केलं आणि लोकांसमोर ठेवून दिलं, बघा, दुरुस्त करा, वापरा, हे तर अजिबातच नको. पोट्टं म्हणेल मी पण करतो. मग ट्यूशनला कोण जाईल?

दुसरं: चोरीचं चालेल, फुकटचं चालणार नाही. फुकटात क्वालिटी नसते.

तिसरं: प्रश्नपत्रिका कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्येच. का ते विचारायचं नाही.

चौथं म्हणजे कंपन्यांचा इतिहास कोणाला कळू देऊ नका. १९९८ मध्ये खुद्द अमेरिकेच्या सरकारनं मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, २००० मध्ये जजनं कंपनीचे दोन तुकडे करा म्हणून आदेश दिला, वरच्या कोर्टानं २००१ मध्ये तुकड्यांचा आदेश रद्द केला पण मक्तेदारी टिकवायला कायदा मोडला हे कायम ठेवलं. युरोपनं २००४ मध्ये ४९ कोटी ७० लाख युरो दंड ठोकला. अमेरिकेत भांडण ब्राउझरवरून, युरोपात मीडिया प्लेयरवरून, पण मूळ तेच, की विंडोजसोबत आपलीच वस्तू चिकटवून द्यायची म्हणजे माणूस दुसरी शोधायला जातच नाही. आणि खरंच आहे ना बाप्पा, आपण गेलो का कधी? आपण तर फॉरमॅट मारून देणाऱ्या भाऊला म्हणतो 'सगळं टाकून दे', तो पण टाकून देतो.

आणि ती फाईल. ती फाईल ज्या फॉरमॅटमध्ये होती तो ओडीएफ, लिबरऑफिसचा नेहमीचा फॉरमॅट, २००६ पासून आयएसओचं म्हणजे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टचं ऑफिस २००९ पासून ती उघडतं. डबल क्लिक करावं लागतं. पण डबल क्लिक करण्यापेक्षा एका पोरीचा रविवार परत मागणं सोपं, हे प्रत्येक आदर्श शाळेनं लक्षात ठेवावं.

आता उत्क्रांती. इथे बालभारतीनं आपल्याशी दगा केलाय, दहावीच्या विज्ञान भाग दोनमधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. शेवटचा असता तर सिलॅबस संपला नाही म्हणून सोडून देता आला असता. पहिला धडा टाळायला कसब लागतं. उत्तम पद्धत अशी की आनुवंशिकता सावकाश घ्या, डीएनएची शिडी फळ्यावर काढा, रंगीत खडू वापरा, आणि उत्क्रांतीचं पान आलं की "हे सोपं आहे, घरी वाचून घ्या, गाळलेल्या जागा येतात." सीबीएसईची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीनं बघा किती स्वच्छ काम केलं, २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीच उचलली, धड्याच्या नावात दोन गोष्टी होत्या, एकच उरली. कारण काय तर मुलांवरचा बोजा. अठराशेवर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून पत्र लिहिलं की असं करू नका. लागलं असेल फाईलला.

कोणी पालक फारच अडून बसला तर त्याला सत्यपाल सिंहांचं ऐकवा. हे मनुष्यबळ विकास खात्याचे केंद्रीय राज्यमंत्री होते, जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला बोलले की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, सबब उत्क्रांती सांगणारा डार्विन चूक, शाळा-कॉलेजात बदल करा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून विरोधाचं पत्रक काढलं, पण पत्रकं कोण फॉरवर्ड करतं? आजच्या माकडाचा माणूस झाला असं डार्विनवाले म्हणतच नाहीत, आपले आणि त्यांचे पूर्वज एक होते म्हणतात, पण हे समजावत बसलात तर धडाच शिकवल्यासारखं होईल. बाकी पाहिल्याशिवाय मानायचं नाही हा नियम चांगलाच आहे, फक्त तो डार्विनपुरता ठेवा. दुसरीकडे लावला तर घरात भांडणं होतील.

अक्कलदाढ दुखली तर डेंटिस्टकडे न्या. ती मुळात काऊन आहे हे विचारू देऊ नका, उत्तर उत्क्रांतीतच निघतं.

नागपुरात राहत असाल तर जास्तच जपा, कारण इथे जमिनीखालीच घोळ आहे. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडचे मिशनरी, इथे आले धर्माचा प्रचार करायला आणि टाकळीच्या आसपासचे दगड फोडत बसले. त्या दगडांत त्यांना जीवाश्म सापडले, गोगलगायी, बिया, काय काय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर साचत होते त्या काळातले. आणि हे सगळं डार्विनचं पुस्तक १८५९ मध्ये यायच्या आधी! म्हणजे बायबल हातात घेऊन आलेल्या पाद्र्याला दगडाची भीती वाटली नाही, आणि आपल्या शाळेला एका स्लाईडची वाटते. पोरांना कॉलेजचं नाव पाठ करू द्या, माणूस सांगू नका. शाळेच्या ट्रिपला रमण विज्ञान केंद्रात नेलं तर गेटवर ग्रुप फोटो घ्या, डबे खा, परत या.

सर्वात मोठा धोका मात्र मामाच्या गावाला आहे. मामाकडे यवतमाळ-वर्ध्याकडे कपाशी असेल तर दिवाळीत पोट्ट्याला शेतात नेऊ नका, तिथे उत्क्रांती उघड्यावर बसून बोंडं खाऊन राह्यली. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीला, आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जीनवाली बोलगार्ड-टू आली, आणि बघता बघता देशातल्या कपाशीचं नव्वद टक्क्यांवर क्षेत्र बीटीखाली गेलं, पाकिटं रंगीबेरंगी, नावं शंभर, पण आतलं तंत्र जवळपास सगळीकडे एकाच कंपनीच्या लायसनचं. अळी बोंड खाते, मरते, छान. पण लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच जराशी वेगळी असते, तिला ते विष बाधत नाही. ती जगते. तिचा पतंग होतो, त्याला तसाच जगलेला दुसरा पतंग भेटतो, कारण बाकीचे मेलेत ना, आणि पुढची पिढी सगळी न मरणारी. शेजारी थोडी साधी कपाशी असती तर तिच्यावर वाढलेले साधे पतंग मध्ये मिसळले असते आणि ही गोष्ट बरीच लांबली असती, म्हणूनच तर ४५० ग्रॅम बियाण्यासोबत ते १२० ग्रॅमचं साध्या बियाण्याचं पाकीट येत होतं, रेफ्युजी म्हणायचे त्याला, चारी बाजूंनी पेरा म्हणायचे. कोणी पेरलं हो? बांधावर फेकून दिली पाकिटं. काऊन पेरायचं हेच कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं आणि शिरणार कसं, ज्या धड्यात ते होतं तो धडा 'घरी वाचून घ्या' होता! २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या बीटीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी असल्याचं जाहीर झालं, मग ती बोलगार्ड-टूलाही पचवून बसली, आणि २०१७ ला विदर्भात बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. उभ्या कपाशीत लोकांनी रोटाव्हेटर फिरवला. त्याच हंगामात यवतमाळात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली.

बोंडअळीनं डार्विन वाचलेला नव्हता. तिला बोर्डाची परीक्षा नव्हती, तरी पास झाली. नापास आपण झालो.

आता मॅडम, या अळीवर पण पेरेंट्सचं ऑब्जेक्शन आहे का? केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्याच वर्धा रोडवर आहे, शाळेची बस काढा, विचारून या तिथे की उत्क्रांती होते का नाही. ज्यांच्या घरचा आज्जा कापूस विकून पोराला नागपुरात शिकायला पाठवून राह्यला त्या पोराला तुम्ही हे सांगणार नाही, आणि वर म्हणाल की शेतकरी अडाणी आहे.

एकच वाण सगळीकडे पेरलं की एक रोग पुरतो, हे शेतात खरं आहे आणि तुमच्या त्या लॅबमध्येही खरं आहे. १९ जुलै २०२४ ला एका सिक्युरिटी कंपनीचं एक अपडेट बिघडलं आणि जगभरातले साधारण ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा स्क्रीन दाखवून बंद पडले, विमानं रखडली, आपल्याकडे विमानतळावर बोर्डिंग पास पेनानं लिहून दिले. लिनक्स आणि मॅकवाल्यांना त्या दिवशी काही झालं नाही. आणि लिनक्सवाले फार हुशार आहेत म्हणून नाही, ते फक्त वेगळे होते म्हणून! हे एवढं वाक्य दहावीच्या पोराला समजलं तर त्याला नैसर्गिक निवड पण समजली आणि मक्तेदारी पण समजली. पण नाही, आपल्याला दोन्हीकडे एकच गोष्ट शिकवायची आहे, की जे समोर आहे ते पहिल्यापासून असंच होतं, तयार होऊन आलं, त्याला पर्याय नव्हता, ते कोणी का आणि कसं घडवलं विचारू नये.

केरळचं नाव काढू नका. त्यांच्या सरकारी शाळांत दोन लाखांवर कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, तीन हजार कोटी वाचले असा त्यांचा दावा आहे, आणि तिथली पोरं नोकरीला मागे पडली असं काही ऐकिवात नाही. केंद्र सरकारचं पण २०१५ पासून धोरण आहे की सरकारी कामात ओपन सोर्सला, म्हणजे लिनक्ससारख्या सगळ्यांसाठी खुल्या सॉफ्टवेअरला, आधी पसंती. पण आपली शाळा खाजगी, आपल्याला काय?

आता उपाय-बिपाय पुरे झाले. फीमध्ये 'कॉम्प्युटर लॅब चार्जेस' लावता, पावती देता, आणि लॅबमध्ये चोरीचं विंडोज चालवता, आणि ज्या पोरीनं एक रुपया न देता, काही न चोरता, कायदेशीर सॉफ्टवेअरमध्ये काम केलं तिला म्हणता तुझं ओरिजनल नाही. लाज वाटत नाही? फाईल उघडत नसेल तर पीडीएफ मागा, तेवढं तर येतं ना? विज्ञानाच्या टीचर आहात, सरकारनं छापलेल्या पुस्तकातला धडा कोणाच्या तरी ऑब्जेक्शनला घाबरून गिळता, आणि ते ऑब्जेक्शन कोणाचं ते विचारलं तर नाव सांगत नाही. कोणाचंच नाहीये ते. तुम्हालाच प्रश्नांची भीती वाटते, कारण पोट्टी हात वर करून विचारेल आणि तुम्हाला उत्तर येणार नाही. नाही आलं तर म्हणा ना, उद्या वाचून सांगते. कोण मारतं?

आणि पालकहो, तुम्ही काही कमी नाही. टॉपिक बदला, फॉरमॅट बदला असा मेसेज ग्रुपवर आला की पहिल्या मिनिटात 'ओके मॅम' आणि दोन हात जोडलेले. सातशे रुपयांच्या शूजच्या रंगावरून प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये आरडाओरडा करता, गॅदरिंगच्या ड्रेसवरून तर मोर्चा काढायचा बाकी राहतो, आणि पुस्तकातला पहिला धडा शिकवलाच नाही तर तुम्हाला पत्ता नसतो. बंद करा ते हात जोडणं. पुढच्या पेरेंट्स मीटिंगला मोबाईल खिशात ठेवा, उभे राहा आणि विचारा, पहिला धडा वर्गात कधी घेणार, तारीख सांगा.