दीडशे लोकांच्या ध्यानानं नागपूर शांत होईल?

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे. रोज सकाळी सहाला समाजभवनात सामूहिक ध्यान, सतरंजी सोबत आणावी. आणि खाली ठळक अक्षरांत: शहराच्या एक टक्का लोकसंख्येच्या वर्गमुळाइतके लोक एकत्र ध्यानाला बसले की त्या शहरातले गुन्हे आणि भांडणं कमी होतात, हे विज्ञानानं सिद्ध झालेलं आहे.

मी हिशेब करून पाहिला. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर साधारण २४ लाखांचं. एक टक्का म्हणजे २४ हजार, वर्गमूळ १५५. लग्नाच्या एका पंगतीत बसतील एवढ्या माणसांनी डोळे मिटले की कळमन्यापासून हिंगण्यापर्यंत सगळे चाकू म्यानात! मग पोलिसांच्या गाड्यांवर कशाला खर्च करता भाऊ, सतरंज्याच घ्या.

हे सूत्र महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाच्या चळवळीतून आलं. आधी ते म्हणत, एक टक्का लोकांनी ध्यान केलं की पुरे. पुढे प्रगत साधना करणारे असतील तर एक टक्क्याचं वर्गमूळही चालेल, असं झालं. आठ अब्जांच्या जगाला या हिशेबानं नऊ हजार माणसंही लागत नाहीत. २०२३ च्या डिसेंबरअखेर हैदराबादजवळ जागतिक शांततेसाठी दहा हजारांचा मेळावा भरला, जानेवारीच्या मध्यापर्यंत चालला. त्या दिवसांत गाझात काय चाललं होतं अन् युक्रेनमध्ये काय, ते आपण रोज टीव्हीवर पाहत होतो.

'सिद्ध झालंय' म्हणणारे बहुतेक वेळा वॉशिंग्टनचा दाखला देतात. १९९३ च्या जून-जुलैत तिथे सुमारे चार हजार साधक जमवले होते. भौतिकशास्त्रज्ञ जॉन हेगेलिन यांच्या चमूनं जाहीर केलं की हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी घटले. आता ही घट कशाच्या तुलनेत? आदल्या वर्षाच्या नाही. तापमान वगैरे धरून संशोधकांनी स्वतःच एक गणिती अंदाज बांधला होता, 'ध्यान नसतं तर इतके गुन्हे झाले असते' असा. त्या अंदाजापेक्षा २३ टक्के कमी! अंदाज तुमचा, मोजमाप तुमचं, निकालही तुमचा. पुढच्याच वर्षी हेगेलिन यांना शांततेचं 'इग नोबेल' मिळालं, म्हणजे नोबेलची थट्टा करणारं ते पारितोषिक. तो शोधनिबंध छापून यायला १९९९ उजाडलं.

दुसरा दाखला जेरुसलेमचा, तो जरा वजनदार आहे. १९८३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे एक गट ध्यानाला बसला. ज्या दिवशी संख्या जास्त, त्या दिवशी लेबनॉनमधल्या लढाईची तीव्रता कमी, असा निष्कर्ष निघाला आणि १९८८ मध्ये संघर्षाच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका मान्यवर नियतकालिकानं तो छापला. संपादकांनी मात्र सोबत टिपण जोडलं: गृहीतक चमत्कारिक वाटतं, पण पद्धत तपासण्याजोगी आहे म्हणून छापतो आहोत. पुढे त्याच नियतकालिकात त्या पद्धतीवर टीकाही आली. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी यातलं 'छापलं' एवढंच उचललं.

आपल्याच शहरावर हे लावून बघा. १७ मार्च २०२५ ला महाल भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली. कोतवाली, गणेशपेठ, तहसील अशा बऱ्याच ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्या यादीत शांतीनगरही होतं, नावाला जागायचा योग नव्हता. आठवड्याभरात संचारबंदी उठली. समजा, तिसऱ्या दिवशी कुणी दीडशे माणसं घेऊन एखाद्या हॉलमध्ये ध्यानाला बसला असता, तर आज स्लाइड तयार असती: खाली तारखा, वर उतरत गेलेली लाल रेघ. दंगल अशीही उतरणीलाच लागलेली असते. बंदोबस्त असतो, धरपकड होते, दुकानं बंद ठेवून पोट भरत नाही, घरची माणसं पोरांना आत ओढतात. आणि शांततेसाठी बसायची आठवण लोकांना आग सर्वांत वर पोचल्यावरच येते. त्यानंतर काहीही केलं तरी आकडा खालीच येणार. उपवास केला तरी, सावजीचं जेवण घातलं तरी.

ग्रुपवर हे लिहिल्यावर एक काकू म्हणाल्या, "तुम्ही स्वतः विपश्यना केलेली, अन् तुम्हीच असं बोलून राहिले?"

काकू, केलेली आहे म्हणूनच. माहुरझरीच्या धम्म नाग केंद्रात दहा दिवस बसल्यावर गुडघ्यातली कळ आणि डोक्यातला राग दोन्ही उठताना दिसतात, आणि तोंड उघडायच्या आधी एक क्षण हातात राहतो. माझ्या घरच्यांना त्याचा फायदा झाला, विचारा त्यांना. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजारावर कैदी शिबिराला बसले, तेही मला पटतं. पण तिथे ज्याचा राग होता तोच बसला होता. या सूत्राचं म्हणणं वेगळं आहे. मी प्रतापनगरात डोळे मिटायचे आणि मोमीनपुऱ्यात किंवा महालात ज्यानं कधी ध्यान केलं नाही त्याच्या हातातला दगड खाली पडायचा. हे मला पटत नाही. आणि ते सोयीचंही फार आहे, कारण यात त्या माणसाला भेटावं लागत नाही.

आपल्या विदर्भात सामुदायिक ध्यान नवीन नाही. तुकडोजी महाराजांनी ते गावोगावी लावलं, सकाळी ध्यान, संध्याकाळी प्रार्थना. पण त्यासोबत हातात झाडूही दिला. ग्रामसफाईशिवायची प्रार्थना त्यांच्या हिशेबात बसत नव्हती.

आणि दंगल खरंच टळल्याचं उदाहरण हवं असेल तर भिवंडी घ्या. १९८४ मध्ये होरपळलेलं गाव. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि पोलीस एकत्र. नळ, गटार, नवरा-बायकोची भांडणं, काहीही चालायचं. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी पेटली नाही. ही माणसं डोळे उघडे ठेवून समोरासमोर बसली होती.

आमच्या समाजभवनात पहिल्या रांगेत बसणाऱ्या दोन गृहस्थांचं बोलणं एप्रिलपासून बंद आहे. वरच्यांच्या कुलरचं पाणी खालच्यांच्या स्कूटरच्या सीटवर टपकते. कुलरच्या तळाशी एक प्लास्टिकची नळी लावून ती पन्हाळीत सोडायची, संपला विषय. दोघं रोज हातभर अंतरावर अर्धा तास डोळे मिटून बसतात, मग आपापल्या चपला घालून वेगवेगळ्या जिन्यानं जातात. नळी अजून लागलेली नाही.

ध्यान बंद करा असं मी म्हणत नाही, मीही सतरंजी घेऊन येईन. मेसेजमधली ती शेवटची ओळ तेवढी काढा. आणि सणांच्या आधी ठाण्यात शांतता समितीची बैठक असते, तिला आमच्या भागातून नेहमीचे चार पुढारी सोडून कुणी जात नाही. यंदा मी जाणार आहे. सोबत येणार असाल तर खाली लिहा.